गलच्या थव्यातला वेगळा पक्षी कसा हुडकायचा: कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यासाठी

थंडी पडली की हा प्रश्न हमखास येतो. अलिबागजवळच्या आक्षीला नाहीतर गोव्यातल्या मोरजीला जाऊन आलो, वाळूच्या दांड्यावर दोनतीनशे गल, म्हणजे कुरव, बसलेले, मधूनमधून प्लोव्हर आणि सँडरलिंग हे छोटे किनारी पक्षी पळतायत, सगळे गल पांढरे-करडे सारखेच दिसतात, मग यातला रेअर ओळखायचा कसा? माझं उत्तर दरवेळी एकच असतं. रेअर शोधायला जाऊच नका, समोरचे कॉमन एकेक करून मोजा. म्हणजे खरंच मोजायचे, अंदाजे तीनशे असं लिहून मोकळं व्हायचं नाही, डावीकडून सुरू करून प्रत्येक पक्ष्याला मनातल्या मनात त्याच्या जातीचं नाव देत पुढे सरकायचं, ब्राऊन-हेडेड, ब्राऊन-हेडेड, ब्लॅक-हेडेड, ब्राऊन-हेडेड, आणि ज्या पक्ष्यावर नाव अडकतं तिथे थांबायचं. खाली जे काही लिहिलंय ते सगळं हे नाव अडकावं म्हणून लागणारी तयारी आहे.

पहिली तयारी दिवस ठरवण्याची. ओहोटीला गेलात तर पक्षी लांबवर चिखलात पांगलेले असतात, मुंबई-अलिबाग बाजूला तर पाणी इतकं आत जातं की स्कोपमधून, म्हणजे स्टँडवरच्या मोठ्या दुर्बिणीतूनही, ठिपकेच दिसतात. पाणी चढायला लागलं की खायची जागा बुडते आणि गल, टर्न, प्लोव्हर, कर्ल्यू सगळे उरलेल्या वाळूवर दाटीवाटीने येऊन बसतात, आपल्याला हवं ते हेच. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा साधारण एक तास हा खरा वेळ. भरती कधी आहे ते बघायला अ‍ॅप आहेतच, पण किनाऱ्यावरचा जुना हिशोब अजूनही कामाला येतो, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, एकादशीला सव्वाआठ, अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास. सकाळी तीच वेळ आणि संध्याकाळी पुन्हा जवळपास तीच. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, पंधरा तिथ्या तशाच मोजायच्या. हा हिशोब मुंबई-रायगड बाजूचा, गोव्यात भरती थोडी आधी होते, तिकडे अ‍ॅप बघूनच निघा.

आता यात प्रकाशाचा मुद्दा घाला. आपले किनारे पश्चिमेकडे तोंड करून आहेत, म्हणजे सकाळी सूर्य पाठीमागे आणि पक्ष्यांवर सरळ उजेड, संध्याकाळी बरोब्बर उलटं, सगळे गल काळ्या सावल्या. त्यात दहा-साडेदहा झाले की वाळू तापते आणि हवा थरथरायला लागते, मग कितीही महागडी लेन्स असली तरी चोचीचा रंग कळत नाही. म्हणून दशमी, एकादशी, द्वादशी हे दिवस मला सगळ्यात आवडतात, भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, तुम्ही उजाडता उजाडता पोचता, पाणी चढताना बघता, पक्षी तुमच्याकडे सरकत येतात आणि ऊन पाठीवर. उधाणाच्या दिवशी दुपारी बाराला भरती असते तेव्हा पक्षी भरपूर जमतात हे खरं, पण त्या उन्हात आयडी करणं म्हणजे डोळ्यांचे हाल.

जागा निवडताना नुसता लांबच लांब बीच घेऊ नका. नदी किंवा खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे जा. गलना गोड्या पाण्यात अंघोळ करायला आवडते आणि मुखापाशी वाळूचे दांडे असतात, बसायला उघडी जागा, चारी बाजूंनी दिसतं. शापोरा नदीचं मुख मोरजीला, जोग नदीचं आंजर्ल्याला, काजळीचं भाट्याला, आणि आक्षीची खाडी. दुसरी जागा म्हणजे मासळी उतरते ती बंदरं, हर्णे, मिरकरवाडा, मुंबईत ससून डॉक. बोटी लागल्या, टाकाऊ मासळी पाण्यात पडली की मोठे गल हजर. किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर तिथे थांबाच, जाळं जवळ यायच्या आधीपासून पक्षी घिरट्या घालायला लागतात. रापणकरांच्या मध्ये मध्ये कॅमेरा घेऊन लुडबुडू नका, त्यांना आधी विचारा, बहुतेक वेळा तेच सांगतात की तो काळा पक्षी काल पण आला होता.

आता कॉमन पक्षी. इथे वेळ घालवाल तेवढा कमीच, कारण रेअर ओळखता येत नाही याचं मूळ नव्वद टक्के वेळा इथेच असतं.

आपल्याकडे हिवाळ्यात लहान गल मुख्यतः तीन. ब्राऊन-हेडेड, ब्लॅक-हेडेड आणि स्लेंडर-बिल्ड. पहिल्या दोघांच्या नावातल्या डोक्यावर जाऊ नका, नोव्हेंबर ते जानेवारी दोघांचंही डोकं पांढरं आणि कानामागे एक काळपट डाग, बस. बसलेला असताना डोळा बघा, मोठ्या झालेल्या ब्राऊन-हेडेडचा डोळा फिका, पिवळसर-पांढरा असतो, ब्लॅक-हेडेडचा गडद. ब्राऊन-हेडेड अंगानेही जाड, चोच जाड. पण खरा निकाल उडाल्यावर लागतो. ब्राऊन-हेडेडच्या पंखाचं टोक चांगलं काळं आणि त्या काळ्यात पांढरे ठळक ठिपके, ज्यांना सगळे मिरर म्हणतात. ब्लॅक-हेडेडला तसं नसतं, त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरा पट्टा आणि काळं फक्त मागच्या कडेला बारीक. एक पेच लक्षात ठेवा, पहिल्या हिवाळ्यातल्या ब्राऊन-हेडेडला मिरर नसतात, नुसतं काळं टोक असतं आणि शेपटीला काळी पट्टी, त्याला बघून लोक भलतंच काहीतरी लिहून टाकतात. हेच ब्राऊन-हेडेड उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या तलावांवर वीण करतात, म्हणजे त्सो मोरिरीच्या काठचा पक्षी जानेवारीत आक्षीच्या वाळूवर उभा असू शकतो, हे आठवलं की मला अजूनही त्या कॉमन पक्ष्याकडे परत परत बघावंसं वाटतं.

स्लेंडर-बिल्डचा पंख जवळपास ब्लॅक-हेडेडसारखाच, त्यामुळे तिथे पंख सोडा आणि डोकं बघा. कपाळ लांब उतरतं, चोच लांब, मान लांब, कानामागचा डाग एकदम फिका किंवा नसतोच, डोळा फिका आणि छातीवर कधी कधी सुंदर गुलाबी झाक. हे ठिकठिकाणी कमी-जास्त दिसतात, कुठे थव्याने तर कुठे शंभरात एखादा, म्हणून मोजायची सवय लावायला हा पक्षी उत्तम. शंभर ब्लॅक-हेडेड आणि ब्राऊन-हेडेडमधून तुम्ही एक स्लेंडर-बिल्ड स्वतः काढलात की डोळा तयार झाला असं समजा.

पंखांचा सराव करायचा असेल तर हिवाळ्यात गेटवे ते मांडवा बोटीने जा. गल बोटीच्या मागे लागतात आणि डोक्यावर चारपाच फुटांवर तरंगत येतात, मिरर आहेत की नाहीत, काळं किती, पांढरं कुठून सुरू होतं, डोळा कसला, सगळं नुसत्या डोळ्यांनी. तासाभरात जेवढं शिकाल तेवढं पुस्तकातून महिन्यात होत नाही. लोक वेफर्स टाकत असतात, तुम्ही टाकू नका, न टाकताही पक्षी येतात.

मोठ्यांमध्ये पॅलास, ह्यूग्लिन आणि स्टेप. पॅलास कुरव ओळखायला सोपा, अवाढव्य अंग, उतरतं लांब कपाळ, पिवळ्या चोचीवर काळी पट्टी आणि टोकाला लाल, डोळ्यांच्या वर-खाली पांढऱ्या कोरी, आणि फेब्रुवारी-मार्चकडे डोकं पूर्ण काळं होतं. ह्यूग्लिनची पाठ गडद पाटीसारखी करडी, स्टेपची त्याहून फिकी. ई-बर्ड या पक्षी नोंदवायच्या साइटवर हे दोघेही लेसर ब्लॅक-बॅक्ड गलच्या खालीच येतात, तेव्हा खात्री नसेल तर तेवढंच टाका, त्यात कमीपणा काही नाही. पाठीचा करडा रंग फार फसवतो. तोच पक्षी ढगात एक शेड, उन्हात दुसरी, आणि तुमच्याकडे तिरका वळला की तिसरी. दोन पक्ष्यांची पाठ तेव्हाच ताडून बघा जेव्हा दोघं शेजारी शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभे आहेत. वाऱ्याकडे तोंड करून बसायची गलना सवयच असते त्यामुळे हे सारखं जमून येतं.

वय हा मोठा घोळ. लहान गल साधारण दोन वर्षांत मोठ्यासारखे दिसायला लागतात, मोठ्या गलना चार लागतात, आणि तोपर्यंत दर वर्षी वेगळा अवतार. पिल्लू वयातला तपकिरी ह्यूग्लिन बघून दर सीझनला कुणीतरी रेअर म्हणून उड्या मारतं. म्हणून तपकिरी गल दिसला की पहिला प्रश्न हा, की हे आपल्या नेहमीच्या ह्यूग्लिनचं पोर तर नाही ना.

शेजारी बसलेले वेडर, म्हणजे चिखल-वाळूत चरणारे ऑयस्टरकॅचर, कर्ल्यू असले पक्षी, इथे भारी कामाला येतात. एकट्या गलची साइज वाळूवर कधीच कळत नाही, पण बाजूला ऑयस्टरकॅचर असेल तर तो 40-45 सेंटिमीटरचा, म्हणजे जवळपास ब्राऊन-हेडेडएवढा. कर्ल्यू 50-60 चा. गल कर्ल्यूहून ढब्बू दिसतोय म्हणजे मोठ्या गटातला, ऑयस्टरकॅचरएवढा म्हणजे लहान गटातला, आणि त्याच्यापेक्षा स्पष्ट बारका दिसला तर मात्र श्वास रोखून बघा, कारण लिटल गल जेमतेम 25-30 सेंटिमीटर असतो आणि तो भारतात फारच क्वचित येतो. नुसते सँडरलिंग आणि केंटिश प्लोव्हर बाजूला असतील तर अंदाज चुकतो, ते इतके छोटे की त्यांच्यापुढे कुठलाही गल राक्षस वाटतो. कॅस्पियन टर्न पण बघून ठेवा, लालभडक जाड चोच, अंगाने गलएवढा, थव्यात बसला की नवीन माणूस त्यालाच वेगळा गल समजतो.

मोजायची पद्धत अशी. स्कोप किंवा बायनो, म्हणजे साधी दुर्बीण, हळू हळू डावीकडून उजवीकडे. पहिल्या फेरीत फक्त पाठीचा रंग, बाकी काही बघायचं नाही. दुसऱ्या फेरीत फक्त डोकं आणि चोच. तिसरीत पाय, पण चिखलाने माखलेल्या पायांवर भरवसा नाही. एका फेरीत एकच गोष्ट बघितली की डोळा पटकन अडकतो, सगळं एकदम बघायला गेलात की काहीच अडकत नाही. झोपलेले, चोच पाठीत खुपसलेले पक्षी सोडून देऊ नका, त्यांच्यावर परत या, कर्ल्यू ओरडला की नाहीतर घार वरून गेली की माना वर होतातच. आणि थव्याची मागची रांग. सगळे पुढच्या रांगेचे फोटो काढून निघून जातात, गडद अंगाचा पक्षी मात्र बरेचदा कडेला नाहीतर मागे, पाण्याच्या रेषेवर उभा.

आता नाव अडकलं समजा. ऑक्टोबरची सकाळ, ब्राऊन-हेडेडच्या रांगेत एक काळपट तपकिरी गल. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर अशा वेळी मनात यायला हवा तो सूटी गल. हा मूळचा अरबी समुद्रापलीकडचा, तांबडा समुद्र, सोमालिया, येमेन, ओमान ते पाकिस्तानचा मकरान किनारा, तिथे उन्हाळ्यात बेटांवर वीण करतो आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर अधूनमधून एखाद-दुसरा येऊन पडतो. उत्साहाला आवर घाला आणि चोचीपासून सुरुवात करा. सूटीची चोच त्या अंगाच्या मानाने लांब आणि जाड, खाली ओघळल्यासारखी, मोठ्या पक्ष्यात हिरवट-पिवळी, त्यावर काळी पट्टी आणि टोक लाल. पिल्लात चोच निळसर-करडी आणि टोक काळं, म्हणजे दोन रंग सरळ दिसतात. ह्यूग्लिनच्या लहान पिल्लाची चोच जवळपास पूर्ण काळी. हा फरक अर्ध्या किनाऱ्यावरून पण कळतो. मग डोकं. मोठ्या सूटीला गडद तपकिरी टोपी गळ्यापर्यंत उतरलेली, डोळ्याच्या वर एक पांढरी कोर, विणीच्या दिवसांत मानेमागे पांढरी पट्टी, छाती धुरकट तपकिरी आणि मग पोट एकदम पांढरं. पिल्लाला टोपी नसते, पंखांच्या पिसांना फिक्या कडा असल्याने पाठ खवल्यांसारखी दिसते, पण ह्यूग्लिनच्या पिल्लासारख्या रेघा आणि चौकडा नसतात. साइज बघा, सूटी ब्राऊन-हेडेडएवढाच किंवा किंचित थोराड, ह्यूग्लिन त्याच्यापुढे सरळ मोठा. शेवटी तो उडेपर्यंत थांबा. सूटीच्या पंखाची खालची बाजू एकसारखी गडद, वरची पण गडद, मागच्या कडेला पांढरी किनार. खालून पंख फिके दिसले तर सूटी विसरा.

आणखी दोन फसवे. जेगर, म्हणजे स्कुआ, वादळानंतर किनाऱ्यावर येऊन बसतात, त्यांची चोच टोकाला वाकडी आणि उडताना पंखात पांढरा झटका दिसतो. दुसरं डांबर. पावसाळ्याच्या आगेमागे गोवा-कोकणच्या वाळूवर डांबरगोळे लागतात हे तुम्ही बघितलं असेल, समुद्रावरच्या त्याच तेलात माखलेला गल लांबून अगदी काळा पक्षी वाटतो. तेलाचे डाग वेडेवाकडे असतात, दोन्ही बाजू सारख्या नसतात, पिसं चिकटलेली असतात. असा पक्षी दिसला आणि उडता येत नसेल तर स्वतः धुवायला घेऊ नका, वनविभागाला कळवा.

बाकी रेअरमध्ये कॅस्पियन गल, फिक्या पाठीचा, लहान गडद डोळा, लांब सडपातळ चोच, उंच पाय, हा स्टेपमध्ये मिसळतो आणि मला विचाराल तर सगळ्यात अवघड. किटीवेक आला तर मोठ्या पक्ष्याची पंखाची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी, पिल्लाच्या पंखावर काळी इंग्रजी एमसारखी नक्षी. कॉमन गल ज्याला म्यू गल म्हणतात तो नाव कॉमन असून आपल्याकडे रेअरच, गोल डोकं, बारीक चोच, हिरवट-पिवळे पाय.

दिसला की लगेच पुस्तक उघडू नका, मोबाइल तर नाहीच. पुस्तक बघितलं की मन त्या चित्राप्रमाणे पक्षी बघायला लागतं. आधी फोटो, मग वहीत नाहीतर व्हॉइस नोटमध्ये जसं दिसतंय तसं, चोच, डोळा, पाठ, पाय, शेजारी कोण होतं. फोटो चार प्रकारचे हवेत, बाजूने बसलेला, शेजारच्या पक्ष्यासकट एक रुंद फ्रेम, उडताना पंख वरून, आणि खालून. रुंद फ्रेम सगळे विसरतात आणि नंतर साइजवरून वाद घालत बसतात. मागे गडद पाणी असलं की पांढऱ्या पक्ष्यांवर कॅमेरा उजेड जास्त घेतो, तेव्हा एक्सपोजर थोडं मायनसला ठेवा, नाहीतर पाठीची शेड जळून जाते आणि तीच तर महत्त्वाची. फोटोवरून ओळखणाऱ्या अ‍ॅपवर पिल्लू गलच्या बाबतीत मी अजिबात विसंबत नाही. ई-बर्डवर टाकताना रेअर म्हणून कॉमेंट मागेल, तिथे नीट दिसला एवढंच लिहू नका, ह्यूग्लिनचं पिल्लू का नाही ते लिहा. नोंदी तपासणाऱ्या रिव्ह्यूअरला तेच हवं असतं.

आणि अंतर. हे पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेत, भरतीचे हे दोन-तीन तास त्यांची विश्रांती आहे, प्रत्येक वेळी उडवलं की त्यांची साठवलेली ताकद जाते. सरळ थव्याकडे चालत जायचं नाही, तिरकं जायचं, मध्ये बसायचं, परत थोडं सरकायचं. माना वर झाल्या आणि सगळे एका दिशेला चालायला लागले की तुम्ही जास्त जवळ आलात, दहा पावलं मागे व्हा. खरं तर आधीच जागा धरून बसणं सगळ्यात उत्तम, पाणी त्यांना तुमच्याकडेच ढकलतं. बीचवर गाडी, ड्रोन, कुत्रं सोडणं हे मला बिलकुल मान्य नाही, फोटो कितीही भारी येणार असो. मोरजी, आंजर्ले, वेळास इथे हिवाळ्यापासून कासवांची अंडी असतात, दोरी लावलेली दिसली की बाहेरूनच जायचं.

एवढं करूनही कुणीतरी धावत जाणार आणि थवा उडणार, हे धरूनच चाला. उडताना पंख बघायची हीच संधी, तेव्हा बायनो खाली ठेवू नका. मग दिशा बघा, बहुतेक वेळा खाडीच्या आतल्या दांड्यावर किंवा जवळच्या बंदरात तेच पक्षी सापडतात. तिथेही नसतील तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत, पण घड्याळ पाऊण तास पुढे करून, कारण भरती तेवढीच उशिरा येणार.